दोन माणसं, तीन खोल्या

आमच्या पायलचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. पायल माझी नात, माझ्या मुलाची, अनुपची थोरली. तिला अकोल्याला दिली.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. भाव करण्यात माझा हात धरणारं माणूस बडनेऱ्यात अजून जन्मायचं आहे! तीस वर्षं मी संत्री विकली. अमरावतीच्या फळबाजारातून वरूडचा माल उचलायचा आणि स्टेशनाबाहेर टोपली मांडायची. माल घेताना माझी एक रीत असे. अडत्याच्या तोंडावर निम्मा भाव फेकायचा आणि तो काही बोलायच्या आत पाठ फिरवून चालू लागायचं. चालताना तोरा घाईचा ठेवायचा, पण पावलं लहान टाकायची, म्हणजे त्याला हाक मारायला वेळ मिळतो. हाक आली की सौदा, नाही आली की पुढचा अडत्या. आणि माल टोपलीत पडेपर्यंत सौदा झाला असं मीही समजत नसे आणि अडत्याही समजत नसे.

अनुपचे बाबा याच्या अगदी उलटे. ते रेल्वेत गेटमन होते. धामणगाव लाईनवरच्या एका गेटवर त्यांची सारी नोकरी गेली. गाडी आली की गेट लावायचं, गेली की उघडायचं. भाव तर सोडाच, घरात ते बोलतच नसत. भाजीत मीठ कमी असलं तर मिठाच्या डब्याकडे बघत. मी समजून घेत असे.

त्यांची एकच हौस होती. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. दर सहा डिसेंबरला आम्ही दादरला जातो. चैत्यभूमीवर वंदन झालं की ते मागे वाळूत जाऊन उभे राहायचे, कोणी ओढून आणेपर्यंत. म्हणायचे, "इथून निस्ता काठच दिसते. काठ दिसत नाही तिथवर जाऊन पाहा लागते एक डाव."

पायलच्या लग्नाच्या धावपळीत त्यांना धाप लागू लागली. अमरावतीच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि अनुपला बाहेर नेऊन काही सांगितलं. आत येऊन अनुप इतकंच म्हणाला, "बाबा, त्या जहाजाचं पाहू का आता?" काय समजायचं ते मी समजले.

अनुपनं तिकिटं काढली. जहाज मुंबईहून दुपारी निघणार, दोन रात्री समुद्रात राहणार आणि परत मुंबईला येणार. डॉक्टर म्हणाले होते, रेल्वेतून उतरून थेट जहाजावर चढायचं नाही, मध्ये एक दिवस आराम हवा. म्हणजे हॉटेल आलं. मुंबईत आम्ही कित्येकदा राहिलो, पण शिवाजी पार्कात, सतरंजीवर. हॉटेलची पायरी चढलो नव्हतो.

पायल माहेरी आली होती, तिनं माझ्या फोनमध्ये काहीतरी टाकून दिलं. म्हणाली, "आजी, इथं भाव आपण सांगायचा. हॉटेलवाल्याले पटला तर तो हो म्हणते. फक्त हॉटेलचं नाव आधी दाखवत नाही, भाग तेवढा दाखवते."

ऐकून मला हसू आलं. भाव मी सांगायचा? मग हॉटेलवाल्याचं काही खरं नाही! तिनं अनुपचं कार्ड आणि अनुपचा मेल भरून दिला आणि बजावलं, "त्यानं हो म्हटलं की मंग घ्याच लागते बरं, परत होत नाही." मी म्हटलं, हो म्हणायला समोर माणूस तर पाहिजे.

पायल अकोल्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसले. अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, साक्षरतेच्या वर्गात, त्यामुळे बोट ठेवून सावकाश वाचते. पण मराठी सगळं वाचते. 'बंदराजवळ, चांगली खोली' असं होतं. शेजारी भाव होता. मी त्याच्या निम्मा घातला, बटण दाबलं, आणि फोन पालथा करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. पाठ फिरवली म्हणा ना. मग अंगणात जाऊन लहान पावलांनी येरझाऱ्या घालत बसले.

हाक काही आली नाही. फोनवर इंग्रजीत काहीतरी चमकलं, पण ते तर दिवसातून दहा वेळा चमकतं, कर्ज घ्या म्हणून. मी अंगठ्यानं बाजूला सारलं. हॉटेलवाला अडून बसला म्हणायचा. बसू दे!

दुसऱ्या दिवशी त्याच फोनमध्ये दुसऱ्या दुकानात गेले. 'फोर्ट भागात, शांत खोली.' पुन्हा निम्मा भाव, पुन्हा पाठ. पुन्हा इंग्रजी कर्ज. तिसऱ्या दिवशी 'समुद्राच्या हवेची खोली.' मुंबईचे लोक असे मुके कसे, याचं मला नवल वाटलं. आमचा अडत्या निदान शिवी तरी देतो.

रविवारी अनुप अमरावतीहून आला. म्हणाला, "माय, हॉटेलचं झालं का?"

"नाही रे. कोणी बोलावूनच नाही राहिलं."

त्यानं मेल उघडला. मग म्हणाला, "तीन जणं बोलावून राहिले, माय."

तिन्ही भाव मंजूर झाले होते. पैसे गेलेही होते, पण लग्नघरातून रोज पैसे जातातच, म्हणून त्यानं बँकेच्या मेसेजकडे पाहिलं नव्हतं. आणि नावं उघडली तर तिन्ही खोल्या एकाच हॉटेलातल्या, एकाच रात्रीच्या! बंदराजवळचं, फोर्टातलं आणि समुद्राच्या हवेचं हॉटेल एकच होतं.

अनुपनं फोन लावला. पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली की परत काही मिळणार नाही. बरोबर कोणाला न्यावं म्हटलं तर अनुपची सुट्टी लग्नात संपलेली, पायलचा नवरा ड्युटीवर, आणि शेजारच्या वर्षालीनं तर समुद्राचं नाव ऐकूनच आपल्याला उलटी होते असं सांगितलं.

अनुपच्या बाबांनी वर पाहिलं. "तीन खोल्या? वरात घेऊन चाललो का आपण?"

खरं सांगू? मला तीन खोल्यांचं दुःख तितकं नव्हतं. मला दुसरंच खात होतं. त्या लोकांनी पहिल्याच भावाला हो म्हटलं! म्हणजे मी जास्त सांगितला होता.

"तीनयी डाव," अनुपचे बाबा म्हणाले, आणि अंगणात जाऊन हसले. हसता हसता त्यांना धाप लागली, म्हणून माझं रागावायचं राहून गेलं.

मुंबईला पोचलो. हॉटेलातल्या कोटवाल्या पोरानं आमच्या मागे दाराकडे पाहिलं आणि बाकीचे लोक कुठे आहेत म्हणून विचारलं. अनुपच्या बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "या हायेत बाकीच्या."

पोरानं तीन खोल्यांची तीन कार्डं दिली. किल्ल्या नाहीत, कार्डं! तिन्ही खोल्या एका रांगेत होत्या. मी तिथंच ठरवलं की पैसे तीन खोल्यांचे गेले आहेत, तर तिन्ही वापरायच्या. रिकामी खोली टाकून झोपणं म्हणजे टोपलीतली संत्री नालीत ओतणं. पहिल्या खोलीत ते आराम करतील, डॉक्टरांनी सांगितलाच आहे. दुसरीत मी. तिसरीत बॅगा. प्रवासात धुतलेलं ओलं लुगडं मी तिसऱ्या खोलीत खुर्च्यांवर वाळत घातलं. इतक्या महागाची दोरी आमच्या खानदानात कोणी वापरली नसेल!

मग माझ्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाले. पलंग केवढा! आमच्या रेल्वे क्वार्टरात सहा माणसं होती तेवढ्या जागेत. मी एका कडेला, पडेन अशा बेतानं झोपले. दार लागलं होतं आणि आत मी एकटी. तेव्हा ध्यानात आलं की अशी एकटी मी जन्मात कधी झोपलेच नव्हते. माहेरी बहिणी, सासरी सासू, मग पोरं, मग हे. भिंतीपलीकडे ते आहेत का, धाप लागली का, काही ऐकू येईना. उठून जावं तर पैसे वाया जातात.

तेवढ्यात उशाशी फोन वाजला. माझा नव्हे, हॉटेलचा. मी घाबरतच उचलला.

"हॅलो, जय भीम. कोन बोलून राहिलं?"

आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही. असा खणखणीत आवाज आमच्या घरात कधी निघाला नव्हता.

"मी," मी म्हटलं.

"मी म्हणजे कोन? फोनवर नाव सांगा लागते. पूरं नाव."

आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"मनकर्णा देवमन तायडे."

मग म्हणाले, "बरोबर. इकडून गेटमन देवमन तायडे. लाईन साफ आहे. बोला."

आता मी काय बोलू? मी विचारलं, धाप लागली का. ते म्हणाले, नाही. मी विचारलं, हा आवाज कुठून आणला. तर म्हणाले, हा ड्युटीवरचा आवाज आहे. गेटवर हातानं फिरवायचा फोन होता. त्याच्यावर स्टेशनमास्तरला सगळं साफ सांगावं लागे, नाहीतर माणसं मरतात.

आणि मग ते जे सुटले! पन्नास वर्षांचं न बोललेलं त्या तारेतून येऊ लागलं. गेटवर अडलेल्या वराती, तिथं वितभर अंतरावर येऊन बसणारा कोल्हा, पावसात केबिनमध्ये बाळंत झालेली एक बाई. मी उशी पाठीशी घेऊन ऐकत होते. माझ्याच घरातला माणूस, आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मध्येच म्हणाले, "सोमवारच्या पॅशिंजरले मी झेंडा दोन्ही हातांनी धरत होतो."

सोमवारच्या पॅसेंजरनं मी धामणगावच्या बाजाराला जात असे. टोपली दारात, मी टोपलीवर.

"काहून?" मी विचारलं.

"तू राहत होती ना त्याच्यात."

"मंग सांगतलं काहून नाही कधी?"

"घरी फोन कुठं होता."

मी पदर डोळ्यांना लावला. ते काही त्यांना दिसणार नव्हतं, हा फोनचा एक फायदा आहे.

मग त्यांचा आवाज जरा खाली आला. ड्युटीवरचा राहिला नाही. "मनकर्णा, तुले माह्यासंगं बरं गेलं का?"

आता तुम्ही म्हणाल, बाईनं चटकन हो म्हणावं. पण तीस वर्षांची सवय आहे हो! समोरच्यानं विचारल्याबरोबर हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी काय केलं, तर फोन ठेवून दिला. पाठ फिरवली! आणि ठेवल्याबरोबर ध्यानात आलं. हृदयाचा पेशंट माणूस, आणि मी हे काय करून बसले? हॉटेलच्या फोनवरून उलटा फोन कसा लावतात तेही मला येत नव्हतं.

फोन वाजला. लगेच वाजला.

"कटला होता का?" ते म्हणाले.

"नाही. मी ठेवला होता. तुमी बोलावता का पाहत होती."

"बोलावलं ना मंग. आता सांग."

"बरं गेलं," मी म्हटलं. "पहिल्याच भावाले हो म्हणून राहिली, ध्यानात ठेवा."

ते हसले. मग पुन्हा तो खणखणीत आवाज आला. "गाडी येऊन राहिली. तुमचं गेट लावा अन् इकडं या."

मी अनवाणीच निघाले. मागे दार आपोआप लागलं आणि कार्ड आतच राहिलं. तिसऱ्या खोलीचं कार्ड कुठे ठेवलं ते दोघांनाही आठवेना. औषधं तिथं, जहाजाची तिकिटं तिथं, लुगडं तिथं! खालचा कोटवाला पोरगा धावत आला, दार उघडून दिलं, आणि खुर्च्यांवरचं लुगडं पाहून इतक्या अदबीनं मान वळवली की मला त्याची दया आली. औषधं आणि तिकिटं काढून घेतली. उरलेला दिवस आणि पुढली रात्र आम्ही एकाच खोलीत होतो. दोन खोल्यांचे पैसे वाया गेले आणि मी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेल सोडताना मी फोनचं बिल विचारलं. बोलणं तर दुपारभर चाललं होतं, म्हणून निम्म्यावर आणायची तयारी करूनच गेले होते. पोरगा म्हणाला, खोलीतून खोलीत फोन फुकट असतो.

जहाजावर संध्याकाळी आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. मुंबई बारीक होत गेली, मग रेघ झाली, मग रेघही गेली. चारी बाजूंना पाणी. अनुपचे बाबा खुर्ची फिरवून चारी बाजूंना पाहून आले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

"एकबी गेट नाही," ते म्हणाले. आणि दोन मिनिटांत तिथंच खुर्चीत गाढ झोपले. शाल मी आणली.

परत आल्यावर त्यांना नवीनच सवय लागली. अनुपनं त्यांना आपला जुना मोबाईल दिला होता. त्यावरून ते अंगणात बसून स्वयंपाकघरात मला फोन लावायचे आणि चहा सिग्नलला उभा आहे का म्हणून विचारायचे. वर्षाली हसायची. मी एकदा फोन ठेवून द्यायची, आणि ते दुसऱ्यांदा लावायचे.

देवमन तायडे दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, बडनेऱ्याला आमच्या घरी वारले.