अर्ध्या मिलिमीटरचा ओटा

पगारे भाऊसाहेबांसमोर सही करू नये. केलीच, तर ते खिशातून भिंग काढतात, कागदावर वाकतात आणि म्हणतात, "मुळेबाई, ही खालची रेघ आठ फूट आलीये. दोन्हीकडची घरं गेली की हो!" एकदा पोस्टात खिडकीवरच्या बिचाऱ्या मुलीलाही त्यांनी हेच ऐकवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तेव्हापासून पोस्टात मी एकटीच जाते.

आम्ही एकाच ऑफिसात नोकरी केली. शहराचे नकाशे काढणारं ऑफिस ते. मी टायपिस्ट, भाऊसाहेब ट्रेसर. ट्रेसर म्हणजे साहेबांच्या पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर शाईनं रेघा ओढणारा माणूस. साहेब शहर ठरवायचे, भाऊसाहेब ते गिरवायचे. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच मीटर, आठ फूट. एवढं एक गणित लक्षात ठेवा, मलाही तेवढंच येतं.

रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात किंवा शेअर बाजाराला. हे गृहस्थ रेघांना लागले. माझ्या सुनेनं दिवाळीला हौसेनं रांगोळी काढली, तर हे दारातच थबकले. "चाळीस फुटी रस्ता झाला हो हा! जाडी बघा, जाडी!" हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं. नेमकी शेजारी माझी नणंद उभी होती, ती अंगानं जरा भरलेली. पुढचे चार महिने ती आमच्याकडे फिरकली नाही. त्याबद्दल मी भाऊसाहेबांची मनापासून ऋणी आहे.

पूर्वी ते असे नव्हते. सुमनवहिनी होत्या तोवर त्यांना ताळ्यावर ठेवायचं काम त्या करायच्या. त्या जाऊन तीन वर्षं झाली. आणि मग तो बोर्ड लागला.

रविवार कारंजाच्या मागून नदीकडे उतरणारी एक गल्ली आहे. तिच्या तोंडाशी बोर्ड लागला, 'जुन्या शहराचा कायापालट'. वर रंगीत चित्र. गुळगुळीत फरशी, एकसारखे दिवे, झाडं, फुगा धरलेली एक बाई. भाऊसाहेबांनी ते चित्र अर्धा तास न्याहाळलं आणि म्हणाले, "यात ओळखीचं एकही माणूस नाही हो, बाई."

ओळखीची माणसं खड्ड्यात होती. गल्ली आधी गटारासाठी खणली, मग केबलसाठी, मग केबल चुकली म्हणून. दुकानदारांनी दारात फळ्या टाकल्या. साडी घ्यायला फळीवरून तोल सांभाळत कोण येणार? गिऱ्हाईक कॉलेज रोडला गेलं ते गेलंच. ज्या शहरासाठी आम्ही जन्मभर कागद काळे केले, ते असं पोट फाडून पडलेलं बघून माझा जीव तुटायचा. आणि ते कुणाला सांगावं हेही कळायचं नाही.

मग एके दिवशी तिथल्या दगडी ओट्यावर लाल खूण दिसली. बंद पडलेल्या भांड्यांच्या दुकानाचा तो ओटा, चार फूट रुंद. त्यावर शेवंताबाई बसते. मखमलाबादच्या शेतातला झेंडू, शेवंती, गुलछडी घेऊन ती सकाळी येते, डोक्यावर काळा केस एकही उरला नाही इतकी वर्षं येत आलीये. रस्तारुंदी जुन्या मंजूर नकाशाप्रमाणे होणार होती आणि ओटा रुंदीत जात होता.

भाऊसाहेबांनी तो जुना नकाशा मिळवला. भिंग लावलं, काढलं, पुसून पुन्हा लावलं. रेघ त्यांचीच होती! पंचविशीतली. बारीक निबनं ओढायची ती त्यांनी जाड निबनं ओढली होती, अर्ध्या मिलिमीटरच्या. अर्धा मिलिमीटर म्हणजे चार फूट. अख्खा ओटा त्या रेघेच्या पोटात बसला होता.

"रस्ता रेघेच्या आतल्या कडेपर्यंतच आहे," ते मला समजावत होते. "यांनी बाहेरची कड धरलीये. शाई हा काही रस्ता नाही, बाई!"

"पण जाड निब घेतलीत कशाला?" मी विचारलं.

"बारीक तुंबली होती," ते पटकन म्हणाले.

मी अर्ज टाइप करून दिला. हरकती नोंदवायला सुनावणी होती, तिथंही मी सोबत गेले. समोर एक तरुण साहेब, लॅपटॉप, पाण्याची बाटली. भाऊसाहेबांनी रुमालात बांधून आणलेली जुनी निब टेबलावर ठेवली, देवापुढे नारळ ठेवावा तशी. म्हणाले, "साहेब, गुन्हा माझा आहे. ही बघा निब."

साहेब मुलगा चांगला होता, हसला नाही. "काका, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. कॉम्प्युटरमध्ये लाइनला जाडी नसते."

"मग ओटा कशानं पडतोय?"

साहेबानं लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉप काही बोलला नाही. "सूचना नोंदवून घेतलीये, काका," तो म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. भाऊसाहेब बशीत सांडलेलाच जास्त प्यायले.

त्यानंतर ते रोज शेवंताबाईकडे जाऊन माफी मागायला लागले. तिला ही काय भानगड आहे ते कळेना. "भाऊ, तुमी रेघ मारली म्हनता, मारली आसंल. तवा काय मी तुमाला दिसत व्हते का?" ती म्हणायची. "आन आता बी कुनाला दिसती? घ्या, गजरा न्या." ते गजरा घ्यायचे आणि माझ्याकडे आणून द्यायचे. या वयात मी गजरे माळून जाणार कुठं? मी ते देवाला वाहायची.

ओटा एका सकाळी पडला. यंत्राला पाच मिनिटंही लागली नाहीत. भाऊसाहेब यंत्रापुढे आडवे झोपतील अशी मला धास्ती होती, पण ते टोपी हातात घेऊन नुसते बाजूला उभे राहिले. शेवंताबाईनं पाटी उचलली आणि नदीवरच्या पुलाच्या कडेला, जिथं गाड्यांचा धूर थेट तोंडावर येतो, तिथं पोतं टाकून बसली. आठवड्यात दोनदा तिला तिथूनही उठवलं. मग ती दिसेनाशी झाली. मखमलाबादला चौकशी केली, तर कळलं की आता फुलं व्यापारी बांधावरूनच नेतो आणि बाई घरीच असते.

काम पुरं झालं तसं एका संध्याकाळी आम्ही दोघं तिथं गेलो. फरशी खरंच गुळगुळीत होती. दिवे एकसारखे. निम्म्या दुकानांची शटरं खाली होती आणि चकाचक फरशीवर एक कुत्रं झोपलं होतं. ओट्याच्या जागी काहीच नव्हतं.

"बारीक निब तुंबली नव्हती, बाई," भाऊसाहेब म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"बारीक रेघ दोनदा ओढावी लागते. पहिली वाळेपर्यंत थांबावं लागतं. मला घाई होती. आमचं लग्न ठरलं होतं, पण साडेपाचला ऑफिस सुटलं की घरच्यांना चोरून भेटायचो. सुमन सिन्नरहून एसटीनं यायची. ऊन लागेल म्हणून मीच तिला सांगितलं होतं, त्या भांडेवाल्याच्या ओट्यावर बसत जा." त्यांनी खिशात हात घातला, पण भिंग काही बाहेर काढलं नाही. "त्या दिवशी ती तिथं माझी वाट बघत बसली होती. आणि मी ऑफिसात बसून तिच्या खालची जागा खोडत होतो. का, तर लवकर भेटायला मिळावं!"

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेपाच."

"मी थांबतो जरा. तुम्ही व्हा पुढे."

मी गेले नाही. बसायला तिथं काहीच नव्हतं, म्हणून दोघंही उभेच राहिलो.