फुलोऱ्यातली भुरी आणि खिडकीचा ठराव

“खिडकी उघडी ठेव जाड्या, आणि तोंड बंद.”

इस्पितळाच्या दारात, गाडीतून उतरता उतरता ओफेलियाने नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं. जगातल्या बहुतेक रोगांवरचा उपाय असाच एका वाक्यात मावतो, आणि एका वाक्यात मावतो म्हणूनच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. विश्वास बसायला उपसमिती लागते.

वाल्देमार हा लास पिएद्रास गावच्या ‘ला पार्रा’ या गांजा लागवड मंडळाचा अध्यक्ष. (मंडळ पूर्णपणे कायदेशीर आहे. उरुग्वायमध्ये सरकारदरबारी नोंद झालेले सभासद एकत्र येऊन गांजा पिकवतात, आपापला वाटा घरी नेतात आणि उरलेला वेळ दप्तर सांभाळण्यात घालवतात. व्यसनमुक्तीचा याहून खात्रीचा मार्ग अजून सापडलेला नाही.) ओफेलिया त्याची बायको आणि मंडळाची पहिली माळीण. झाडं तिने लावली, वाढवली. वाल्देमारने घटना लिहिली. दोघांचं काम सारखंच महत्त्वाचं होतं, असं घटनेत लिहिलेलं आहे.

आता ओफेलियाच्या पोटातल्या गाठीवर औषधं चालू होती. औषध गाठीला लागू पडत होतं की नाही ते कळायला अवकाश होता, पण अन्नाला ते ताबडतोब लागू पडलं होतं. पोटात पाणीसुद्धा ठरेना. आपल्याच हातच्या झाडाचा थोडा धूर घेतला की चार घास टिकत. डॉक्टरीणबाईंनी त्याला मान डोलावली होती, मात्र एक गोष्ट बजावून: अंगात झुंजायची ताकद उरलेली नाही, बुरशीचा कण छातीत गेला तर गाठीची वाट पाहावी लागणार नाही.

“पांढरं काही दिसलं तर आणू नकोस,” ओफेलिया म्हणाली होती. “आणि त्यावर काही फवारूही नकोस. फुलावर फवारलेलं शेवटी माझ्याच छातीत उतरायचं. एक तुरा आण, पण स्वच्छ. वचन?”

“वचन,” वाल्देमार म्हणाला, आणि वचनाच्या आवश्यकतेवर आणखी थोडं बोलणार होता. पण ती आत गेली होती.

हिवाळा दमट होता. झाडं दिव्यांखाली फुलोऱ्यात आली आणि एके दिवशी पानांवर पांढरे ठिपके दिसले. मंडळाचा लागवडप्रमुख ग्वाल्बेर्तो याने ते सर्वांत आधी पाहिले. ग्वाल्बेर्तोने लागवडीचं सगळं शिक्षण फोनवरच्या चित्रफितींतून घेतलं होतं, तेही वेळ वाचावा म्हणून दुप्पट वेगाने. तो आनंदाने ओरडला, “राळ! ही राळ आहे, बाबांनो! अशी पांढरीशुभ्र राळ उभ्या जिल्ह्यात कुणाच्या झाडाला सुटली असेल तर मिशी उतरवीन!”

गांजाच्या तुऱ्यांवर राळेचे कण चमकतात आणि जितकी चमक तितका मान, हे त्या जगात लहान मुलालाही ठाऊक असतं. मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला. वसंतातल्या आंतरमंडळ स्पर्धेत ‘शुभ्रतम बाग’ या गटात नाव दिलं. बागेची शुभ्रता एकसारखी दिसावी म्हणून एका झाडावर कारवाईही करावी लागली. ते कोपऱ्यातलं झाड सगळ्यांच्या पाठीमागे हिरवंगार उभं होतं. त्याच्यावर एकही ठिपका नव्हता. त्याला खुलासा करण्याची संधी देण्यात आली. ते काही बोललं नाही. तेव्हा ‘राळनिर्मितीत अक्षम्य कुचराई’ या कारणास्तव त्याचं नाव पटावरून कमी करून त्याला संडासाकडे जाणाऱ्या बोळात नेऊन ठेवलं.

पुढच्या सभेत चिटणीस निबिया हिने एका पानावरून बोट फिरवलं. निबिया ही बाई मंडळात नसती तर मंडळाची प्रगती याहून कितीतरी वेगाने झाली असती.

“राळ चिकटते रे, ग्वाल्बेर्तो. हे तर पिठासारखं निघून येतंय.” तिने पांढरं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. “ही भुरी आहे, पांढरी बुरशी. माझ्या आजोबांची अख्खी द्राक्षबाग हिनेच खाल्ली.”

सगळ्यांनी आपापल्या जवळच्या पानावरून बोट फिरवून पाहिलं. लास पिएद्रास हा द्राक्षांचा मुलूख. हजर असलेल्या प्रत्येकाच्या घराण्यात निदान एक बाग भुरीने बसलेली होती. (उपस्थितांपैकी शंभर टक्के लोकांना भुरी ओळखता येत होती, नव्वद टक्क्यांना तिच्यावरचा उपाय ठाऊक होता, उरलेले दहा टक्के म्हणजे ग्वाल्बेर्तो आणि त्याचा मेहुणा.) दाटी कमी करा, रोगट पानं ओल्या फडक्यात धरून काढा, वारा खेळू द्या, ओलावा उतरवा, आणि फुलोऱ्यात फवारणीच्या नादी लागू नका. हे प्रत्येकाने आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. पण आजोबा मंडळाचे सभासद नव्हते. सबब विषय सभेपुढे घ्यावा लागला.

इथे घटनेतल्या एका कलमाचा उल्लेख केला पाहिजे. ‘झाडांविषयीचा कोणताही निर्णय झाडांच्या समक्ष घेण्यात यावा’, हे कलम खुद्द वाल्देमारचं. लोकशाहीची एवढी मोठी उंची इतर देशांत क्वचितच गाठली गेली आहे. त्यानुसार सगळ्या सभा झाडांच्या खोलीतच भरत. आणि त्या गावात पाऊस पडला की घरोघर पुऱ्या तळतात. हा काही कायदा नाही, पण कायदा मोडणारे सापडतील, पावसात पुऱ्या न तळणारा सापडणार नाही. पाऊस लागला की कामधंदा बंद, सगळे मोकळे, म्हणून सभाही नेमक्या पावसाच्या दिवशीच भरत. कोपऱ्यात शेगडीवर कढई, प्रत्येकाच्या डाव्या काखेत कढत पाण्याचा थर्मास, हातात हिरव्या पाल्याच्या काढ्याची वाटी, वाटीत नळी, नळी तोंडात, आणि तोंड मोकळं झालं की त्यात मुद्दा. खिडक्या अर्थातच बंद. पावसात खिडकी उघडी टाकून म्हाताऱ्या माणसांची सभा भरवणं माणुसकीला धरून नाही.

भिंतीवर दमटपणा मोजणारं घड्याळ होतं. ‘दमटपणा तातडीने कमी करणे’ या विषयावर चर्चा सुरू झाली तेव्हा काटा पंचावन्नावर होता. चर्चा संपली तेव्हा बहात्तरावर. यावरून रोग चर्चेला दाद देत नाही हे सिद्ध झालं, म्हणून चर्चा वाढवण्यात आली.

लवकरच दोन पक्ष पडले. पाणी मिसळलेलं दूध फवारावं म्हणणारे दूधवाले आणि सोडा फवारावा म्हणणारे सोडावाले. दोघांच्याही काखेत एकाच दुकानातला थर्मास होता, पण ते आता एकमेकांच्या वाटीतला काढा पिईनात. ग्वाल्बेर्तोने गंधकाची धुरी सुचवली. एका वयस्क सभासदाने सान कोनोला नवस बोलावा असं मांडलं. (सान कोनो हे संत मुळात सोडतीसाठी प्रसिद्ध, परंतु भुरी कुणाच्या छातीत जाईल हीदेखील सोडतच असल्याने सूचना नियमबाह्य ठरली नाही.)

वाल्देमार मात्र वचनाला जागला. फुलावर काहीही फवारू देणार नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं. गंधक, सोडा, दूध, नवसाचं पाणी, एकेकाला त्याने उभं आडवं घेतलं. नंतर ‘अशा प्रसंगी तोंड बंद ठेवण्याचं महत्त्व’ यावर तो पाऊण तास बोलला. असं भाषण मंडळात पूर्वी झालं नव्हतं. बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. काटा अठ्ठ्याहत्तरावर गेला.

संध्याकाळी त्याने इस्पितळात फोन लावला.

“खिडकी?” ओफेलियाने विचारलं.

“विषयपत्रिकेवर आहे.”

“आणि तोंड?”

“त्यावर तर मी आज...”

“जाड्या.” ती थांबली. पलीकडे भांडं ओढल्याचा आणि ओकारीचा आवाज आला. मग ती परत आली, आवाज पार खोल गेलेला. “शुक्रवारी घरी सोडतायत. दोन आठवडे विश्रांती, मग पुढची फेरी. या फेरीत मला घासभर सूपही गेलं नाही रे. तुरे तोवर पिकतील ना?”

“पिकतील.”

“स्वच्छ?”

वाल्देमारने उत्तर दिलं, आणि ते एका शब्दाचं होतं. त्याच्या कारकिर्दीतलं ते सर्वांत छोटं निवेदन.

गुरुवारी पाऊस कोसळत होता, त्यामुळे गणसंख्या पूर्ण होती. विषय एकच: खिडकी. मूळ ठराव ‘खिडकी उघडावी’ असा. त्याला ‘अर्धी’ ही उपसूचना आली. अर्धी म्हणजे कोणती अर्धी, यावर दूधवाले आणि सोडावाले पुन्हा विभागले गेले. पांढरेपणा आता पानांवरून तुऱ्यांवर चढला होता. झाडं पिठाच्या गिरणीत उभी राहिल्यासारखी दिसत होती. ती शांतपणे सभा ऐकत होती.

ग्वाल्बेर्तोने मधला मार्ग काढला. “उगाच रडारड नको. पीक काढू, पाण्यातून काढू, वाळवू आणि सगळ्यांना सारखं वाटू. भुरी एवढ्या जणांत वाटली की एकेकाच्या वाट्याला येते किती? चिमूटभर!”

या युक्तिवादाचं स्वागत झालं. निबिया तेवढी म्हणाली, “ओफेलियाच्या चिमटीचं काय?”

“तिला हवं तर अर्धी चिमूट देऊ,” ग्वाल्बेर्तोचा मेहुणा उदारपणे म्हणाला.

वाल्देमार उठला. सगळ्यांना वाटलं भाषण येतंय, लोकांनी पुऱ्या ताटलीत ठेवल्या. पण काढा फार झाला होता आणि त्याला बोळात जायचं होतं.

बोळात गारठा होता. संडासाच्या झरोक्याची काच कधीच फुटलेली. ती बसवण्याचा ठराव गेल्या वर्षापासून पडून होता, आणि तिथून दक्षिणेचा वारा सरळ आत येत होता. पटावरून काढलेलं झाड त्या वाऱ्यात डुलत होतं. वरच्या उघड्या बल्बचं आणि झरोक्यातलं जे काही मिळेल त्यावर ते जगलं होतं, उजेड कमी पडून वाढीत मागे राहिलं होतं, पण भरलं होतं. वाल्देमारने पान उलटलं. मग दुसरं. मग वाकून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक तुरा पाहिला. बोट फिरवलं, बोटाला चिकटलं, पांढरं काही लागलं नाही. नाकाशी नेलं तर ओफेलियाच्या जुन्या बागेसारखा वास आला.

या बोळात मंडळाची एकही सभा झालेली नव्हती. इथून जाणारा प्रत्येक जण वासामुळे नाक-तोंड दाबून, एक अक्षर न बोलता जात असे.

वाल्देमारने झाडाकडे आणि झरोक्याकडे आळीपाळीने पाहिलं. ज्या कामाला आला होता ते विसरला.

तो खोलीत परतला तेव्हा निबिया त्याचीच वाट पाहत होती. “ये रे म्हाताऱ्या, अध्यक्षांचं मत राहिलंय. तू बोल, मग मी तुला चुकीचा ठरवते, मग जेवायला जाऊ.”

वाल्देमारने तोंड उघडलं. काटा चौऱ्याऐंशीवर होता. त्याने तोंड मिटलं.

मग काखेतला थर्मास काढून टेबलावर ठेवला. त्या देशात माणूस थर्मास खाली ठेवतो तो झोपताना किंवा मरताना, त्यामुळे सभेत कुजबुज झाली. तो भिंतीपाशी गेला आणि मोठी खिडकी, पूर्ण, सताड उघडली.

“अरे, पाऊस आत येतोय!” ग्वाल्बेर्तो ओरडला. “पुऱ्या! पुऱ्या भिजतायत!”

“ठराव तुझाच आहे, मतदान तरी होऊ दे!” निबिया म्हणाली, आणि मग हळूच, वहीत मान घालून, “इतिवृत्तात काय घालू? ‘अध्यक्ष काही बोलले नाहीत’, असं लिहायची आपल्याकडे पद्धतच नाही.”

वाल्देमार पुन्हा बोळात शिरला, आणि बाहेर पडला तेव्हा त्याच्या डाव्या काखेत कुंडी होती, थर्मासच्या जागी, जणू आयुष्यभर हात तिच्यासाठीच वळवून ठेवला होता. झाडाला त्याने आपला कोट पांघरला होता. (झाड आवाराबाहेर नेणं नियमात बसत नव्हतं, पण ज्याचं नाव पटावर नाही त्याला नियम लागू नव्हते. कारवाई इतकी चोख होती.) मागे कुणीतरी उठून खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला, त्यासाठी ठराव लागला नाही. शुक्रवारच्या आत घरातली पूर्वेकडची खोली रिकामी करायची होती. तिथे दिवा लावायचा होता, आणि तिथली खिडकी वर्षानुवर्षं अडकलेली असली तरी हातोडीने उघडण्यासारखी होती. पावसात भिजत, कुणाशीही एक शब्द न बोलता, वाल्देमार घराकडे चालू लागला.

निघण्यापूर्वी त्याने निदान दोन शब्दांत कारण सांगायला हवं होतं, असं ज्या वाचकांना वाटलं, त्यांचं सभासदत्व मंडळाने एकमताने मंजूर केलं आहे. सभा पुढच्या पावसात. येताना आपला थर्मास आणावा, आणि दार लावून घ्यावं.