काट्याच्या टोकावर बसेल एवढी अफू

एका जंगलात, जिथं अक्कल कमी आणि सल्ले फार होते, गुणाजी नावाचं म्हातारं अस्वल राहायचं. नाकं पुसा आणि ऐका, पोरांनो. मधे बोलाल तर उठून जाईन.

गुणाजीनं जन्मभर धूर करून मधमाश्या उठवल्या. मध सगळ्या जंगलानं चाटला. धूर तेवढा याच्या छातीत राहिला. आता बसल्या जागी धाप लागायची. एका श्वासात दोन शब्द. तिसऱ्याला डोळे पांढरे.

पुढचं वाक्य त्याची बायको भागाई पुरं करायची. आणि चुकीचं करायची.

"अगं, मला..."

"कंद उकडून हवेत. देते."

"नको... मला..."

"उकडून नको, कच्चेच हवेत. बरं."

चार पावसाळे गुणाजी कच्चे कंद खात होता. त्याला एकच हवं होतं. मरायच्या आधी एक वाक्य, अख्खं, शेवटापर्यंत, आपल्या तोंडानं बोलायचं.

साळूबाई साळिंदर ही जंगलाची वैद्यीण. काटे आवरून तिनं त्याच्या छातीला कान लावला.

"छाती गेली ती गेली. पण जीव घुसमटतो, तो थोडा हलका करता येईल. अफूचा थेंब. माझ्या काट्याच्या टोकावर बसेल एवढाच, मोजून. त्यानं पोट साफ होणार नाही, त्याला एरंडेल."

अफू म्हटल्याबरोबर भागाईनं हंबरडा फोडला. "म्हणजे संपलंच की हो सगळं!"

शेजारचं सांबर लगेच येऊन शेवटचं भेटून गेलं.

मग अफू द्यायची की नाही, हे ठरवायला पंचायत बसली. ती बसायची मोहाच्या झाडाखाली. खाली आंबलेल्या फुलांचा खच. ती खात खातच न्याय व्हायचा. जुनी रीत.

सरपंच तुळाजी रानडुक्कर तोंडभर फुलं चावत म्हणाला, "अफूची सवय लागते, बरं का! म्हातारा व्यसनी होईल!"

"किती वर्षांनी?" साळूबाईनं विचारलं.

"होईल दहा-बारा वर्षांनी."

"अहो, तो दोन पावसाळे काढतो की नाही, कुणास ठाऊक."

"मग तर फारच वाईट!" वांदर फांदीवरून पडता पडता ओरडला. "व्यसनी म्हणून मरेल!"

"बरोबर बोललास," तुळाजी म्हणाला. पण ते एका दगडाला, कारण त्याला वांदर तिथं दिसत होता.

पंचायतीचा नियम असा, की ज्याचं काम त्यानंच उभं राहून, एका श्वासात, न थांबता म्हणणं मांडायचं. थांबला की अर्ज फेटाळला.

गुणाजी उठला. "मला... थें..." बसला.

"थंडी वाजते म्हणतात," भागाईनं पुरं केलं.

"पुन्हा एकदा संधी द्या," साळूबाई म्हणाली. पंच फुलांत तोंड घालून बसले होते. तेवढ्यात तिनं काटा गुणाजीच्या जिभेला टेकवला.

फुलांच्या दोन फेऱ्या झाल्या. छातीवरचा धोंडा कुणीतरी जरा सरकवल्यासारखं गुणाजीला वाटलं. धाप होती, पण मानगुटीवरून उतरली होती. तो उभा राहिला.

"अरे डुकरा, चार पावसाळे मी पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडतोय आणि तू ढीगभर मोह गिळून मला व्यसन शिकवतोस, आधी त्या वांदराला झाडाला बांधा, आणि भागे, मला कच्चे कंद आवडत नाहीत, कधीच नव्हते, मला फक्त तुझ्याशेजारी बसून निवांत बोलायचंय!"

भागाईचा आ तसाच राहिला. गुणाजीला इतका आनंद झाला की त्यानं स्वतःभोवती गिरकी घेतली आणि 'डुकरा' एवढं परत एकदा म्हटलं.

तुळाजी चार पायांवर कसाबसा उभा राहिला. "एवढं बोलतोय, एका श्वासात! याला औषध कशाला? अर्ज नामंजूर!"

टाळ्या पडल्या. वांदरही पडला.

संध्याकाळी गुणाजीची धाप परत आली. "अगं, मला..."

भागाईनं तोंड उघडलं. मिटलं. मग तडक उठून साळूबाईचं बीळ गाठलं.

"हे म्हणतात, थेंब द्या. रोजचा. आणि एरंडेलही द्या. ते हे म्हणत नाहीत, मी म्हणते."

चार पावसाळ्यांत वाक्य पहिल्यांदाच बरोबर पुरं झालं.

तात्पर्य: नशा फार वाईट, पोरांनो. करायचीच तर मजेसाठी करावी, चारचौघांत करावी, शक्यतो पंच होऊन करावी. औषध म्हणून मात्र थेंबभरही घेऊ नये. लोक नावं ठेवतात.