साळूबाईचा प्रबंध आणि टिटवीची अंडी

एका जंगलात, बाळांनो, एक वनसभा होती. सिंहमहाराज गुहेतून फर्मान पाठवायचे, सभा माना डोलवायची, की सगळे चरायला मोकळे. ए, मागच्यांनो, हसू नका. तुमच्या आईबाबांच्या सोसायटीची मीटिंग पाहिलीय मी.

या सभेवर साळूबाई प्रबंध लिहीत होती. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगावरचाच काटा उपटायचा आणि लिहायचं. विषय भारदस्त होता: ‘धोरणनिर्मितीत वनसभेचे स्थान’. निष्कर्ष तिचे मार्गदर्शक बगळेसर यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. स्थान शून्य. आता फक्त पुरावे गोळा करायचे होते. साळूबाई मागं बसून डोललेल्या माना टिपायची.

प्रबंध बाइंडिंगला जाणार, तेवढ्यात घोळ झाला.

महाराजांचं फर्मान आलं, की नदीकाठ म्हशींना लोळायला मोकळा. माना डोलायला लागल्या, इतक्यात टिटवी ओरडत आत शिरली.

"अहो, माझी अंडी आहेत तिथं! उघड्या वाळूत! म्हशी लोळल्या तर चुरा होईल हो!"

नीलगाय सभेची जुनी सदस्य. रवंथाशिवाय तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण ती उठली.

"पिल्लं निघेपर्यंत म्हशींनी डबक्यात लोळावं की. काय बिघडतं?"

मग अस्वल बोललं, माकड बोललं, आणि दुरुस्ती चक्क मंजूर झाली! महाराजांनीही "बरं" म्हणून जांभई दिली. टिटवीला रडूच फुटलं. मलासुद्धा सांगताना गहिवरून येतंय बघा.

साळूबाईनं मात्र प्रबंध काखेत मारला. ती धावत बगळेसरांकडे गेली.

"सर, सभेनं धोरण बदललं!"

सर एका पायावर उभे होते. "असं होत नसतं."

"मी या डोळ्यांनी पाहिलं, सर."

"मग सभेचं चुकलं. निष्कर्ष बदलायचा असेल तर पहिल्यापासून लिही. मी तोवर निवृत्त होईन."

साळूबाई नीलगायीपुढं जाऊन ढसाढसा रडली. "मावशी, तुम्ही बोललात आणि माझी पदवी गेली! इतकी वर्षं गप्प होतात, अजून थोडं थांबला असतात तर?"

नीलगाय मनानं हळवी. "अगं बाई! मला काय ठाऊक?"

तिनं सभा बोलावली. सगळेच हळहळले. पोरगी हुशार आहे, शिक्षणाचं नुकसान नको. महाराजांना न विचारता, कुणी दटावलेलं नसताना, सभेनं स्वतःच्या बुद्धीनं दुरुस्ती मागं घेतली. तीही एकमतानं.

"आणि माझी अंडी?" टिटवी किंचाळली.

"तू पुढच्या वर्षी घाल ना," माकड म्हणालं. "हिचा प्रबंध काही दरवर्षी होत नाही."

दुपारी म्हशी नदीवर गेल्या.

साळूबाईला पदवी मिळाली. वनसभा आपण होऊन काहीही ठरवत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. टिटवी अजून रिकाम्या काठावर ओरडत फिरते. ती का ओरडते, यावर बगळेसरांनी नवा विद्यार्थी घेतलाय. निष्कर्ष ठरलेला आहे: सवय.

तात्पर्य: लोकांच्या हिताचं बोलावंसं वाटलंच, तर प्रतिनिधीनं आधी चौकशी करावी, आपल्या गप्प बसण्यावर कुणाची पदवी तर अवलंबून नाही ना.