नातीच्या वेण्या आणि माझी ताणाताणी

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, नातीच्या वेण्या आपणच घालायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. (माझी सगळी मोठी कामं अशीच झाली, लग्नसुद्धा.)

माझी मुलगी लव्हॉन नर्स आहे. तिला त्या शनिवारी ड्यूटी, म्हणून सहा वर्षांची जोसेट माझ्या ताब्यात. गेल्या वर्षी घट्ट वेण्या घालून घालून पोरीच्या कपाळावरची केसांची कड पार उडाली होती. कपाळ थेट आमच्या पाद्रीबाबांच्या वळणावर गेलं होतं. आता कुठे तिथे पिसासारखी लव फुटत होती. लव्हॉन दारातून बजावून गेली, "डॅडी, मागे एक सैल गुच्छ बांधा, बस. कडेला हात लावायचा नाही. या वेळी गेले तर परत येतील की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत."

"अगं, पाच बहिणींचा भाऊ आहे मी."

बहिणींच्या वेण्या आई घालायची आणि मी नुसता कंगवा धरायचो, हे सांगायचं राहिलं. आईचं म्हणणं असं, की डोळे ताणले गेले नाहीत तर ती वेणीच नव्हे, आणि चर्चमध्ये ढिली वेणी दिसली तर अख्ख्या मेकन गावात बोभाटा. त्यात मी चाळीस वर्षं कोचांना कापड बसवलेलं. ताणल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही.

पोरीला पायरीवर बसवून मी कामाला लागलो. पहिल्या दोन वेण्या सैल घातल्या, त्या सुटल्या. मग कोचाचा हात चालवला. अकरा वेण्या, एकदम तंग.

"पॉपॉ, माझ्या भुवया वर गेल्या."

"छान दिसतायत."

"उद्या चर्चमध्ये माझी कविता झाली की प्रार्थनेला डोळे मिटायचेत. ते मिटतच नाहीत."

"देवाला उघड्या डोळ्यांची पोरंही चालतात."

कुंपणापलीकडे मिस ऑर्लीन राहते. तीस वर्षं केसांचं दुकान चालवलेली बाई. ती येऊन म्हणाली, "थॅडियस, पोरीला वेण्या घातल्यास की खुर्ची मढवलीस?" आणि मग वाकून पोरीचं कपाळ बघू लागली. ती वाकून बघू लागली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. कपाळाच्या कडेने तांदळाएवढ्या पुळ्या उठल्या होत्या.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"मघापासून. पण तुम्ही खुशीत गुणगुणत होता, म्हणून बोलले नाही."



"तूच सोडव," मिस ऑर्लीन म्हणाली. "पाणी मारून, एकेक. पण आधी हनुवटी इकडे कर." आणि तिने माझ्या दाढीच्या चार वेण्या घातल्या, अशा की खालचा ओठ सदऱ्याच्या पहिल्या बटणाला भेटायला निघाला. "आता बोटं आपोआप हलकी होतील."

झाली खरी. दोन तास मी वेण्या सोडवत होतो, कोळिष्टकातून माशी सोडवावी तसा. मग तिच्या देखरेखीखाली जाड, सैल पीळ घातले. पुढची बोटभर लव तशीच मोकळी ठेवली.

"भुवया हलव," मिस ऑर्लीन म्हणाली. जोसेटने हलवल्या, वर कानही हलवून दाखवले.

लव्हॉनने आल्या आल्या मोबाईलच्या उजेडात सगळी कड तपासली. पुळ्या दिसल्या, तसा मी गुन्हा कबूल केला. मग लव मोजल्यासारखी बघून ती म्हणाली, "वाचलात. आहे सगळी." आणि पायरीवर बसून ड्यूटीचे बूट काढले.

दुसऱ्या दिवशी जोसेटने कविता म्हटली आणि डोळे घट्ट मिटले. मी मात्र उघडेच ठेवले होते, कारण तीन विधवा माझ्या दाढीच्या वेण्यांकडे बघत होत्या. नंतर तिघींनी तारीफही केली. अशी दाढी कोण सोडवतो? मी बुधवारी सोडवली, तेव्हा निम्मी वेण्यांबरोबरच हातात आली.

आता रोज सकाळी जोसेट मला पायरीवर बसवून हनुवटीला तेलाचा थेंब लावते. काल मिस ऑर्लीनने कुंपणावरून विचारलं, "येतेय का गं दाढी?"

"येतेय थोडी थोडी," पोरगी म्हणाली, "पण त्या तिघींनी आता दाढीखालची हनुवटी बघितलीय."