नलूचं तोंड

दिनानाथची दोन स्थळं त्याच्या धाकट्या बहिणीच्या तोंडामुळे फिसकटली होती. तिसऱ्यासाठी नवापूरकडे बोलणी चालू असतानाच पंधरा वर्षांची नलू, होडीला नवं इंजिन बसवलेल्या महादू तांडेलाला भर दारात म्हणाली, "काका, तुमच्या पापलेटापरीस तुमच्या गोष्टीच मोठ्या."

बापाने, भगवंतने, तिथेच शिक्षा सुनावली. "आजपासून पुनवेपर्यंत कोणी इचारल्याबिगर तोंड उघडायचं नाय."

नलूने मान हलवली आणि शिक्षा अक्षरशः पाळली. चार दिवस घर इतकं शांत होतं की भगवंत स्वतःवर खूश झाला.

गुरुवारी सकाळची सगळी मासळी विक्रीसाठी बर्फाच्या गाडीवर चढली, घरात ताजं काही उरलं नाही. भगवंत उघड्या अंगाने जाळं सांधत बसला होता, आणि दारात नवापूरची माणसं उभी राहिली. पुढे मुलीची आत्या, काशीबाई.

"सोमवारी निरोप धाडलेला," ती म्हणाली.

भगवंत सदरा शोधायला आत धावला. चुलीपाशी नलू उभी होती.

"तुला निरोप मिळालेला?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"मिळालेला."

"मग सांगितला का नाय?"

"कोणी इचारलं नाय."

वत्सलाने नवऱ्याकडे फक्त पाहिलं आणि सुके बोंबील भिजत घातले. सातपाटीत पाहुण्यांच्या पानात सुकं पडलं, हे गाव वर्षभर विसरणार नव्हतं. पण काशीबाईचं लक्ष पानाकडे नव्हतंच.

"ही धाकटी? हिचं तोंड लय तिखट, असं आयकलं व्हतं."

नलू गप्प. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"शाळेत जातेस का गो?"

"जाते."

"तू कमीच बोलतेस?"

"सध्या."

वत्सलाने घाईघाईने पाहुण्यांपुढे भाकर सरकवली. काशीबाई मात्र हसली. "शब्द मोजून देते पोर. लोकांचं काय, कायपण उठवतात. अशी नणंद असंल तर आमची पोर सुखात ऱ्हाईल." पाहुणे उठायच्या आत वैशाखातलं लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर भगवंतने घसा साफ केला. "नलू, तुझी शिक्षा जरा लांबली. लग्नापर्यंत."

नलू त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"काय म्हणायचंय तुला?"

"बाबा, ती शिक्षा पुनवेला संपते. पुढचं ते काम. मी करीन, पन एक अट हाय. लग्नापर्यंत घरातल्यांनी मला कायपण इचारायचं नाय. कुठं गेलीस, कधी आलीस, कायपण."

दिनानाथ बापाकडे हात जोडून उभा होता. भगवंतने मान हलवली.

नलूने केसांना फणी फिरवली, चपला घातल्या आणि ती दाराबाहेर पडली. 'कुठं' हा शब्द भगवंतच्या ओठांपर्यंत आला. त्याने तो गिळला आणि जाळं पुढे ओढलं.