झुडपामागची सिंहीण

"जनावरं बघत हिंडायचं, याला काय काम म्हणतात?" पर्यटक पाहुण्यांना जीपमधून रान दाखवणारा ड्रायव्हर मारवा लग्न झाल्यापासून सासूबाईंचं हे वाक्य ऐकत आला होता. शेवटी एका रविवारी त्याने जीप काढली आणि त्यांना सिंह दाखवायला सेरेंगेटीत आणलं. आज सिंह दिसला नाही, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं.

कुरिया लोकांत सासूने जावयाशी थेट बोलायची रीत नाही. त्यामुळे मागच्या बाकावरून घाटीबाई बोलत आणि मधल्या बाकावरची त्यांची लेक भोके ते पुढे पोचवी. मारवा आरशातसुद्धा न बघता गाडी हाकत होता.

"त्याला म्हणावं, गाडी थांबव. सकाळची पेज नडली."

"आई म्हणते..."

"ऐकलं," मारवा म्हणाला. इथे कुणाला गाडीबाहेर उतरू दिलं तर परवाना जायचा. पण सासूबाईंना नाही म्हणायची छाती कुणाला? त्याने एका झुडपाभोवती दोन चकरा मारून खात्री केली, त्यांना उतरू दिलं आणि मान फिरवून बसला.

तेवढ्यात मसांजा नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची जीप पाहुणे घेऊन आली. सेरेंगेटीत गाडी थांबली म्हणजे तिथे जनावर आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

"काय दिसलं रे?"

"काही नाही."

ड्रायव्हर मंडळींत 'काही नाही' म्हणजे निदान बिबट्या तरी असतोच. मसांजाने लगेच रेडिओवर बातमी दिली आणि बघता बघता झुडपाभोवती गाड्यांची जत्रा भरली.

"पिवळं दिसलं! काळे ठिपके!" एक पाहुणी किंचाळली. सासूबाईंनी आजच्यासाठी खास गुंडाळलेलं ते नवं कोरं कापड होतं. सगळे कॅमेरे तिकडे वळले. झुडूप रागाने हललं.

"म्वीताचे बाबा, काहीतरी करा! नाहीतर मला माहेर बंद!" भोके कुजबुजली.

मारवा रेडिओवर ओरडला, "नदीकाठी सिंहीण! छावे पण आहेत! पळा!"

धुरळा उडाला आणि रान मोकळं झालं. सासूबाई ताठ मानेने येऊन जागेवर बसल्या.

"त्याला म्हणावं, मीही ऐकलं. ने नदीवर."

आता काय सांगणार? मारवाने मुकाट्याने गाडी वळवली. नदीकाठी सगळ्या गाड्या होत्या, सिंहीण तेवढी नव्हती.

"कुठंय तुझी सिंहीण?" मसांजा भडकला होता. "पाहुणे आमच्या नावानं शंख करतायत! उद्यापासून रेडिओवर तुला कुत्रंसुद्धा विचारणार नाही!"

मारवाने गाडी मागे घ्यायला गियर टाकला. इतक्यात मागे सासूबाई उघड्या छपरातून उभ्या राहिल्या.

"कोण रे तो माझ्या जावयाला खोटं पाडणारा? सिंहीण होती. तुमच्याआधी येऊन मी या डोळ्यांनी बघून गेले. तुमच्या गोंगाटानं पळाली ती! लेकुरवाळीच्या मागं असं लागतात होय?"

मसांजाने टोपी काढली. "चुकलं, आई." वडीलधाऱ्या बाईला उलट कोण बोलणार?

गाडी परतीच्या वाटेला लागली. मारवाला हसावं की रडावं कळेना. या बाईंनी आपली बाजू घेतली, याचा त्याला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले होते.

सासूबाई खाकरल्या. निरोप घ्यायला भोके मागे वळली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"जावईबापू," त्या आयुष्यात पहिल्यांदाच थेट म्हणाल्या, "पुन्हा थाप मारायची झाली तर जवळची जागा सांगा. कंबर मोडली माझी."